वाढत्या अंगाचे कपडे

पुरुषाने अंगाला नीट बसणारे, टिकाऊ कापडाचे कपडे कुठे घ्यावेत, असा प्रश्न मराठीच्या अध्यापकांनी चारचौघांत विचारला की पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते. दुसरी उपदेशाची. ‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ हे वाक्य आपल्या स्टाफरूममध्ये इतक्या वेळा उच्चारले जाते की ते तपासूनही पाहता येते याचाच विसर पडला आहे. कादंबरीतल्या नायिकेच्या लुगड्याचा काठ, पदर आणि पोत यांवर शोधनिबंध वाचणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना स्वतःच्या शर्टाचा खांदा दंडावर दोन बोटे उतरला आहे हे दिसत नाही. दिसले तरी ते व्यासंगाचे लक्षण मानले जाते. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न थिल्लर नाही, आणि त्याला थिल्लर ठरवण्यात शिकलेल्या मराठी पुरुषाचा एक जुना अप्रामाणिकपणा लपलेला आहे.

मराठी घरातल्या मुलग्याचा पहिला धड कपडा ‘वाढत्या अंगाचा’ असतो. जूनमध्ये शाळा उघडताना गणवेश शिवायचा तो दोन वर्षे पुरेल असा. चड्डीच्या कमरेत दाब सोडायचा, बाह्या कोपराखाली लोंबू द्यायच्या, आणि मुलाने आरशात पाहून तोंड वाकडे केले की ‘अंगात येईल’ म्हणायचे. ओढगस्तीतून आलेले हे शहाणपण आहे. त्याला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. परंतु अंग वाढायचे थांबल्यावरही ही सवय सुटत नाही. पंचवीस वर्षांचा तरुण दुकानात शर्ट अंगाला लावून पाहतो, आणि बरोबरचे वडील, मित्र किंवा खुद्द दुकानदार सांगतो, ‘एक साइझ मोठाच घ्या, धुतल्यावर आटतो.’ निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर असलेला शर्ट आटायचा कुठे? तो तसाच राहतो आणि माणूस आयुष्यभर त्यात वाढण्याची वाट पाहत राहतो. पुढे पोट सुटते, तेव्हा एकदाचा शर्ट बसतो. पण तोवर खांदे गेलेले असतात.

हे बोलणे हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. मावळ तालुक्यातले सुदुंबरे साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते ते संताजी जगनाडे यांच्या समाधीमुळे. तुकोबांचे अभंग ज्यांनी उतरवून ठेवले, आणि ज्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये ‘अस्सल गाथा’ छापली, ते हे संताजी तेली. देहू इथून हाकेच्या अंतरावर. आज याच परिसरात अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन इथे आहे, आणि चाकणचा कारखान्यांचा पट्टा जवळच पसरलेला आहे. या टापूतल्या रस्त्यावर वारकऱ्याचा सदरा, जवानाचा नारिंगी पोशाख, मोटारकारखान्यातल्या कामगाराचा गणवेश आणि विद्यार्थ्याची जीन्स ही सगळी वस्त्रे एका दिवसात दिसतात. पहिल्या तिघांना काय घालायचे हे परंपरेने, दलाने किंवा कंपनीने ठरवून दिलेले आहे. अडचण चौथ्याची आहे. त्याला पुढच्या आठवड्यात हिंजवडीत किंवा चाकणला मुलाखतीला जायचे आहे, आणि त्यासाठी लागणारा शर्ट-पॅंट कुठे मिळेल हे त्याला कुणीही शिकवलेले नाही.

तो कुठे जातो? जवळ तळेगाव दाभाडे आहे, चाकण आहे. हौस असेल तर पिंपरी कॅम्पातला, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभारलेला बाजार. लग्नसराई असेल तर लोणावळा-पुणे लोकलने पुणे आणि मग लक्ष्मी रस्ता. हल्ली हे सारे वगळून मोबाइलवर बोट फिरवून माल घरी मागवणारेही पुष्कळ. ठिकाणे बदलतात, भाव बदलतात, वातानुकूलन येते आणि जाते. मिळते ते एकच. कुणा अज्ञात माणसाच्या मापाचा, आधीच शिवून ठेवलेला कपडा.

या मापाचीही एक गंमत आहे. अनेक ब्रँडांच्या शर्टावर ४० हा आकडा छापलेला असतो आणि बहुतेक गिऱ्हाइके ती छाती समजतात, इंचांत. वास्तविक तो पुष्कळदा कॉलरचा घेर असतो, सेंटिमीटरमध्ये. म्हणजे मान मोजून छाती, पोट, बाही आणि खांदा यांचा अंदाज बांधलेला. पॅंटवरचा ३४ हा आकडा तर निव्वळ सौजन्य असतो. टेप लावली तर कंबर छत्तीसच्या आसपास भरते आणि गिऱ्हाईक खूश होऊन बाहेर पडते. या मापांचे तक्ते मुळात आपल्या शरीरांवरून बनलेले नाहीत. ब्रिटिश आणि अमेरिकी तक्त्यांत थोडीफार डागडुजी करून ते वापरले गेले. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला, मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची शरीरे त्रिमितीय स्कॅनरने मोजायची योजना आखली, ती याच कारणासाठी. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे, इतक्या गिरण्या, इतके माग, इचलकरंजी आणि सोलापूरसारखी कापडाची शहरे असलेल्या देशाला आपल्या माणसांचे अंग किती आहे हे मोजावेसे वाटले नव्हते.

मोजणारा माणूस मात्र प्रत्येक गावात होता. अलुतेदारांत गणला जाणारा शिंपी हा त्याचा जुना अवतार. पुढे त्याचा टेलर झाला, दुकानाच्या पाटीवर ‘जेंट्स’ हा शब्द आला. तो गळ्यात टेप घालून समोर उभा राहतो आणि शर्टाची लांबी, खांदा, छाती, पोट, बाही, कफ, कॉलर असे आकडे वहीत उतरवतो; पॅंटसाठी कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम. पण त्याची विद्या या आकड्यांत संपत नाही. पिशवी किंवा पोते वाहून तुमचा उजवा खांदा उतरला आहे, तुम्ही किंचित पुढे वाकून उभे राहता, तुमचे पोट पुढे आहे आणि मांड्या बारीक, हे तो न बोलता पाहतो आणि खडूची रेघ त्याप्रमाणे हलवतो. मुंढा, म्हणजे बाही जिथे धडाला जोडली जाते तो घेर, किती खोल कापायचा यावर हात वर केल्यावर शर्ट पोटावरून उचलला जाणार की नाही हे ठरते. दुकानात तयार शर्टाचा मुंढा बहुतेक वेळा खोल असतो, कारण तो पुष्कळांना चालला पाहिजे. पुष्कळांना चालणारा मुंढा कुणालाच बसत नाही. (मुंढा, पन्हा, दाब, काज हे शब्द आमच्या एम.ए.च्या वर्गात अर्थासह सांगणारे विद्यार्थी आता क्वचित भेटतात; जे सांगतात त्यांच्या घरी बहुधा शिवणयंत्र असते.)

नामदेवांना शिकवताना आम्ही सारेच भारावून जातो. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, त्यांतल्या एका पदात मनाचा गज आणि जिभेची कात्री झालेली आहे, हे सांगताना आवाज गहिवरतो. संतांनी व्यवसायाला भक्तीची भाषा दिली असे आपण उत्तरपत्रिकेत लिहून घेतो आणि दहापैकी सात गुण देतो. आणि तास संपल्यावर ‘दोन घेतल्यास एक फुकट’ अशा पाटीखालून शर्ट उचलून आणतो. व्यवसायातून आलेल्या रूपकाला डोक्यावर घ्यायचे आणि त्या व्यवसायाला बाजारात सोडून द्यायचे, ही आमच्या मराठी विभागांची खास रीत झाली आहे.

समाजाचे वागणेही फारसे वेगळे नाही. आपल्या लग्नांतला आहेर पाहा. पॅंटपीस-शर्टपीसचा जोड, प्लास्टिकच्या खोक्यात, बहुधा १.२० आणि १.६० मीटर. तो मिळतो, कपाटात जातो, पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हाती पडतो आणि असा वर्षानुवर्षे हिंडतो. मावळातल्या काही पॅंटपिसांनी माणसांपेक्षा अधिक लग्ने पाहिली असतील. तो शिवला जात नाही, कारण कापड फुकट मिळाले तरी शिलाई आपल्याला द्यावी लागते, आणि ती ‘परवडत नाही’. कापडाला मान आहे, बेतण्याला नाही. वक्त्याचा, लेखकाचा, निवृत्त होणाऱ्या प्राचार्याचा सत्कार आपण शालीने करतो. सत्कारासाठी नेमके तेच वस्त्र निवडले आहे ज्याला कुणाचेही माप लागत नाही.

आता मुख्य भांडणाकडे वळतो. कपड्यांची बेफिकिरी हे विचारवंताचे भूषण, ही समजूत ज्यांच्या सोयीची आहे त्यांनाच ती परवडते. ज्याचे आडनाव, उच्चार आणि घरातले पुस्तकांचे कपाट आधीच त्याच्या वतीने बोलत असते, त्याचा चुरगळलेला झब्बा साधेपणाचा ठरतो. आंदर मावळातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलाने तोच झब्बा घातला तर मुलाखत घेणारा त्याला गबाळा म्हणतो. ठाकर किंवा कातकरी वाडीवरच्या मुलाची तर तेवढीही दखल घेतली जात नाही. एकाच वस्त्राचे हे दोन अर्थ ज्या समाजात होतात तिथे ‘कपड्यांत काय आहे’ हे वाक्य निष्पाप राहत नाही.

आमच्या परंपरेतल्या थोरांना हे नीट कळत होते. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली, तेव्हा महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. ती बेफिकिरी नव्हती. भरजरी पाहुण्यांच्या पंक्तीत कोणता देश गैरहजर आहे हे दाखवण्यासाठी मुद्दाम निवडलेला तो वेश होता. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत गांधीजींनी पंचा नेसला, तोही पूर्ण विचारान्ती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले आणि जात ओळखू येईल असे नेसणे व दागिने सोडून देण्यास सांगितले. त्यांचा स्वतःचा सूट पाहून ज्यांनी नाके मुरडली, त्यांना तो साहेबी थाट वाटला. ज्या समाजाला शतकानुशतके कोणते वस्त्र घालायचे नाही हे सांगितले गेले, त्यातला माणूस स्वतःच्या अंगावर बेतलेला कोट घालून उभा राहतो, याचा अर्थ त्या समाजातल्या अडाणी समजल्या गेलेल्या माणसांना तत्काळ कळला. म्हणूनच गावोगावच्या पुतळ्यांवर तो कोट आहे. गांधीजींच्या पंचाचे गोडवे गाऊन बाबासाहेबांच्या सुटाबद्दल मौन पाळणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी आपल्या साधेपणाची जात एकदा तपासावी.

शासनाला कपड्यांचे महत्त्व कळते, पण फक्त शिस्तीपुरते. १५ मार्च २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबाबत निर्णय काढला: जीन्स आणि टी-शर्ट नकोत, पुरुषांचा शर्ट फिकट, पॅंट गडद, शर्ट खोचलेला. शाळांपुरताच तो निर्णय आहे, पण त्यामागची दृष्टी महाविद्यालयांतही ओळखीची आहे. रंग ठरला, खोचणे ठरले. शर्ट अंगाला बसतो का, हे कुणी विचारले नाही. एक साइझ मोठा शर्ट खोचला की कमरेभोवती तो फुग्यासारखा उभा राहतो आणि शिस्तीचे प्रदर्शन विनोदी होते. वर्गातली मुले अशा वेळी खाली माना घालून हसतात. दोष त्यांचा नाही.

आमच्यावर आक्षेप येतील. टेलर वेळेवर देत नाहीत. दिवाळीचा शर्ट तुळशीच्या लग्नाला मिळतो. खरे आहे. पुष्कळांची फॅशन एका विशिष्ट काळात थांबलेली असते, हेही खरे. बहुतेकांनी आता नवे शिवणे कमी करून ‘अल्टर’चीच कामे धरली आहेत, आणि त्यांची मुले कंपनीत लागली आहेत. त्यांना आम्ही परत मशीनवर बसा म्हणणार नाही. ज्या कामाला कुणी दाम देत नाही ते काम त्यांनी संस्कृतीसाठी करावे, असे म्हणण्याचा निर्लज्जपणा आमच्यात नाही. महाग पडते हा आक्षेप मात्र मान्य नाही. आमच्या भागात शर्टाची शिलाई साधारण चार-पाचशे रुपये पडते. मोठ्या पन्ह्याचे चांगले सुती कापड त्यात मिळवले तरी मॉलमधल्या मध्यम प्रतीच्या शर्टाच्या आसपासच हिशेब जातो, आणि तो शर्ट कॉलर विरेपर्यंत आपलाच राहतो.

आणि तयार कपडाच घ्यायचा असेल, तर तोही घेण्याची विद्या आहे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. ती खाली उतरत असेल तर शर्ट परत ठेवावा, कारण खांदा आणि मुंढा नंतर धड दुरुस्त होत नाहीत. दोन्ही हात समोर घेऊन पाठीवर ओढ बसते का पाहावे. कंबर, बाहीची लांबी, पॅंटचा बॉटम ही कामे कोपऱ्यावरचा अल्टरवाला थोड्या पैशांत करून देतो, आणि त्याला घाई करू नये. लेबलावरचा आकडा शेवटी पाहावा.

कॅम्पसमधल्या मुलाखतींचा हंगाम जवळ आला की महाविद्यालयांत ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाने कार्यशाळा होतात. बाहेरून वक्ता येतो, टायची गाठ शिकवतो, आत्मविश्वासावर दोन तास बोलतो आणि मानधनाचे पाकीट घेऊन पुण्याला परततो. यंदा आमच्या परिसरातल्या प्राचार्यांनी त्या वक्त्याच्या जागी तळेगावातला किंवा चाकणचा एखादा टेलर बोलवावा. त्याला एक टेबल द्यावे, आरसा द्यावा, वही लिहायला एक विद्यार्थी द्यावा, आणि दिवसभर मुलांची मापे घेऊ द्यावीत. मानधन वक्त्याएवढेच.