तांब्या आणि मिक्सर

परवा आमच्या घरचा मिक्सर बंद पडला. घेऊन तीन वर्षेही झाली नव्हती. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांनी तो उघडून पाहिला. पण खालची पेटी स्क्रूने नव्हे, खटक्यांनी कायमची बंद केलेली. ती फुटलीच. "याचे सुटे भाग मिळत नाहीत बाळा, नवाच घ्या," काका म्हणाले. घरी आलो तो ओट्यावर आजीच्या लग्नातला पितळी तांब्या दिमाखात उभा!

या तांब्याची थोरवी एका परक्या दांपत्याने ओळखली होती. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन रचनाकारांनी १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या लोट्याविषयी प्रश्न मांडले : पाणी किती मावते, कमरेवर घेतल्यास तोल कसा राहतो, धार कशी पडते, घासायला सोपा आहे का, आणि शेवटी मोडीत घातला तर काय मोल येते? या अहवालातूनच १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मोडीचा हा प्रश्न आमच्या आज्यांना कुणी शिकवावा लागला नाही. कारखानदारांना मात्र शिकवावा लागतो आहे!

कुणी म्हणेल, पाट्यावरवंट्याचे कष्ट मिक्सरनेच वाचवले ना? अगदी खरे. माझे भांडण यंत्राशी नाही, ते घडवणाऱ्याच्या वृत्तीशी आहे. जर्मन रचनाकार डीटर राम्स यांनी १९६० साली आखलेली भिंतीवरची फडताळे आजही तयार होतात आणि नवी फळी जुन्या पट्टीवर बिनबोभाट बसते. म्हणजे यंत्रयुगातही टिकाऊपणा अशक्य नाही. युरोपात २०२१ पासून धुलाईयंत्रांचे महत्त्वाचे सुटे भाग किमान १० वर्षे पुरवणे उत्पादकांना बंधनकारक झाले. आपल्याकडे २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. पण माहिती देणे वेगळे आणि बंधन घालणे वेगळे.

तोवर आपल्या हाती काय? दुकानात रंग आणि सवलत विचारण्याआधी एवढेच विचारावे : "हे उघडता येते का? सुटे भाग मिळतात का?" आपण विचारीत नाही, म्हणून दुकानदार उत्तर ठेवीत नाही.

आमचा मिक्सर भंगारवाल्याने नाक मुरडीत उचलला. तांब्याला मात्र तो चांगला भाव द्यायला तयार होता. पण आजी तो विकायची नाही.