माइक बंद ठेवून खेळणाऱ्या मुली

‘मुलींना गेममध्ये रसच नसतो हो,’ हे कॉलेजच्या क्रीडा समितीपासून घरातल्या काकांपर्यंत सगळे ठासून सांगतात. मुली खेळतात. पण गुपचूप खेळतात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

१. आधी फोन कुणाचा ते बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७. दहावी झाली की मुलाला फोन येतो. मुलीला ‘आईचा आहेच की’. तो हातात येतो रात्री भांडी आवरल्यावर, तेही आईची मालिका नसेल तर. रँक वाढते रोजच्या सरावाने. मग रँक कुणाची वाढणार?

२. आता माइक. बीजीएमआय या टीमने खेळायच्या मोबाइल गेममध्ये अनोळखी स्क्वॉडबरोबर उतरलेली मुलगी बहुधा माइक बंद ठेवते, आयडीही मुलाचा वाटेल असा घेते. शत्रू कुठल्या घरात आहे हे तिला दिसत असते, पण ती बोलत नाही, मॅपवर खूण करते. चुकून आवाज निघाला की सुरू होते: ‘अरे, मुलगी आहे!’ मग इन्स्टा आयडी माग, गाणे म्हणायला सांग, नाहीतर शिव्या. ती नॉक झाली, म्हणजे जखमी होऊन पडली, तर मुद्दाम रिवाइव्ह न करणारे, तिला पुन्हा उभी न करणारेही असतात. टीमच्या खेळात न बोलणारा खेळाडू अर्धाच खेळतो, आणि पुन्हा तोच अर्धा खेळ दाखवून म्हणायचे, मुलींना जमत नाही.

जिला जमते तिचेही काही खरे नसते. दक्षिण कोरियाच्या किम से-यॉनचा, म्हणजे गेगुरीचा, ओव्हरवॉच या शूटिंग गेममधला नेम इतका अचूक होता की २०१६ साली तिच्यावर हॅक वापरल्याचा आरोप झाला. तिने आपल्या हातांवर कॅमेरा रोखून सगळ्यांसमोर खेळून दाखवले. दोन वर्षांनी ती ओव्हरवॉच लीगमधली पहिली महिला खेळाडू झाली. मुलांना अशी परीक्षा सहसा कुणी द्यायला लावत नाही.

३. ‘मुलींची वेगळी स्पर्धा कशाला? बटणे तर सारखीच,’ असा सवाल हमखास येतो. त्याचे उत्तर आपल्याच बुद्धिबळात आहे. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, त्या तेव्हा १३ वर्षांच्या होत्या. त्यांच्या प्रवेशाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की स्त्री म्हणून कुणाला स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही. याच काळात महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धाही होत होत्या, आणि तिघी खाडिलकर भगिनींनी त्या गाजवल्या. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्यातून ती ग्रँडमास्टर झाली. ग्रँडमास्टर हा किताब पुरुषांनाही तोच असतो. म्हणजे मुलींची स्पर्धा हवी आणि खुल्या स्पर्धेत प्रवेशही हवा. एक दिले म्हणून दुसरे टाळायचे नाही. पण नुसता प्रवेश पुरत नाही. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदके होती, मुलींना मज्जाव नव्हता. तरी भारताच्या १५ जणांच्या चमूत एकही मुलगी नव्हती. दार नुसते उघडे ठेवून भागत नाही, ते असे.

४. खेळण्यापलीकडे, गेम बनवण्यातही बायका सुरुवातीपासून आहेत. अटारीच्या ‘सेंटिपीड’मागे डोना बेली होती, ‘रिव्हर रेड’ कॅरल शॉने लिहिला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ (२०२०) हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीचा आहे, आणि त्याच्या कर्त्यांत श्रुती घोष आहेत. करिअरची चिंता करणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावे.

५. व्यसन, डोळे, पैसे या काळज्या खऱ्याच. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळे काढले. पत्त्यांवर पैसे लावणे आणि टीम करून स्पर्धा खेळणे यांत घरानेही तेवढाच फरक करावा. वेळेचे बंधन जरूर घाला, फक्त ते भावालाही असू दे. त्याला ‘बास आता’ आणि तिला ‘हे काय मुलीचे खेळ?’ याला बंधन म्हणत नाहीत.

६. मागण्या साध्या आहेत. गॅदरिंगच्या गेमिंग स्पर्धेत मुलींचा एक गट असावा, आणि मुलींना खुल्या संघातही घ्यावे. सामन्यावर व्हॉइस चॅट ऐकणारा एक पंच असावा. शिवीगाळ केली तर खेळाडू बाद, ‘समज दिली’ नव्हे. कॉलेजची संगणक प्रयोगशाळा आठवड्यातून दोन दुपारी सरावाला मोकळी करावी, म्हणजे फोनचा आणि घरी पोहोचायच्या वेळेचा, दोन्ही प्रश्न हलके होतील. गेमिंग कॅफेवाल्यांनी बायकांसाठी स्वच्छतागृह करावे. हे सांगावे लागते, कारण कॅफेच्या वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत मुली येत नाहीत याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते.

क्रीडा समितीच्या पुढच्या बैठकीआधी या मागण्यांचा अर्ज लेखी द्या, आणि त्यावर पहिल्या सह्या खेळणाऱ्या मुलींच्या घ्या.