वाचकांचा कौल

पुस्तकांबद्दल वाचक बोलू लागले की समीक्षक फिके पडतात. 'कोसला'चंच बघा. १९६३ साली आलेली ही कादंबरी कुणी पारायणं करून वाचतं, तर कुणी पन्नास पानांत मिटून ठेवतं. मधलं मत मी तरी फारसं ऐकलेलं नाही. माधवराव पेशव्यांवरच्या रणजित देसाईंच्या 'स्वामी' या कादंबरीची गंमत वेगळीच. तिचे चाहते रमा-माधवाचे संवाद इतिहास म्हणून सांगतात, आणि गो. स. सरदेसाईंची 'मराठी रियासत' मात्र 'कोरडी आहे हो' म्हणून कपाटातच राहते. हा अन्याय आहे. माधवरावांना कर्ज, निजाम, हैदर आणि घरचे काका एकाच वेळी कसे निस्तरावे लागले, हे कळायला रियासतच हवी. केतकरांचा तेवीस खंडांचा ज्ञानकोश 'जुना झाला' ही तक्रारही नेहमीची. माहितीपुरती ती खरी. पण त्याचे पहिले पाच प्रस्तावनाखंड निव्वळ माहितीसाठी वाचायचेच नाहीत. एका हट्टी, विलक्षण माणसाचं डोकं कसं चालतं ते बघायला वाचायचे. 'स्वामी' आवडली असेल तर पुढच्या खेपेला ग्रंथालयातून रियासतीचा माधवरावांचा भाग मागून घ्या.