लॅपटॉप अर्ध्यावरच अडला तर...

१९ जुलै २०२४. चेन्नई विमानतळावर कर्मचारी प्रवाशांची नोंद हाताने करीत होते, कारण संगणक सुरू होता होता निळ्या पडद्यावर अडत होते. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणकांची ही गत केली. गंमत म्हणजे आतली माहिती जशीच्या तशी होती! 'सेफ मोड'मध्ये जाऊन ती फाइल काढली की काम भागत होते.

घरचा लॅपटॉपही कंपनीचे चिन्ह दाखवून तेथेच अडला, की 'फॉरमॅट करून टाका' म्हणणारे भेटतातच. घाई करू नका. आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर काढा. पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून तो बंद करा व पुन्हा सुरू करा. विंडोज १० किंवा ११ असेल, तर चिन्ह दिसताच दोन-तीनदा असेच केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. तेथून सेफ मोड मिळतो. कधी ४८ अंकी 'बिटलॉकर' किल्ली मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाइलवरूनही पाहता येते. लॅपटॉप उघडला, तर सर्वप्रथम मुलांचे फोटो, कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. नंतरच अलीकडचे अपडेट वा नवा प्रोग्राम काढा.

आतून टकटक आवाज येत असेल, तर मात्र घरचे प्रयोग थांबवा. चेन्नईत दुरुस्तीसाठी अण्णा सलाईजवळची रिची स्ट्रीट प्रसिद्ध आहे. दुकान तेथले असो वा आपल्या गल्लीतले, 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' एवढे पावतीवर लिहून घ्या.