तेहतीस कोटींचा हिशेब

तेहतीस कोटी देव मोजले कुणी, असे वसतिगृहातील मुले आम्हांला विचारतात. १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाची ही मुले; प्रश्न हसण्यावारी नेणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही. जे सोडले, ते नीट ठाऊक असावे. बृहदारण्यकात शाकल्य पुन्हा पुन्हा विचारतो, तेव्हा याज्ञवल्क्य तेहतीस देव सांगतो : आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. पुढे तर तो एकावरच येऊन थांबतो. यास्काने निरुक्तात देवांना पृथ्वी, अंतरिक्ष आणि द्युलोक अशी स्थाने वाटून दिली. गावकुसाबाहेरची मरीआई मात्र या वर्गवारीत कुठेच नाही; आणि आमच्या आज्यांनी नवस फेडले ते तिचेच.