‘सवड नाहीं’ ही सबब

सुशिक्षित घरांतून हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. ईश्वरचिंतन करावें, एखादी पोथी नेमानें वाचावी, निदान सायंकाळीं घटकाभर स्वस्थ बसून आपण कोठें चाललों आहों याचा विचार करावा, अशी इच्छा फार आहे; परंतु संसाराचा व्यापच असा कीं सवड मिळत नाहीं. रविवारीं गणेशपुरीस किंवा वज्रेश्वरीस जाऊन आलें म्हणजे मात्र मन कसें शांत होतें! त्या स्थानांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. आमचा आक्षेप या सबबीस आहे, आणि तो आम्ही निजामपुऱ्यांत राहून घेत आहों. सवड नसणें म्हणजे काय, हें भिवंडीकरास कोणी शिकवावें लागत नाहीं.

येथील यंत्रमागांवर बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात. मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मोजावर. माग थांबला कीं कमाई थांबली. खटखटाट असा कीं शेजारच्या माणसाशीं ओरडून बोलावें. अशा गोंगाटांत एकेक कारागीर अनेक मागांवर नजर ठेवतो आणि ताण्याचा एक धागा तुटला तरी धांवून गांठ मारतो. एकाग्रतेस एकांत लागतो, असें म्हणणाऱ्यानें हें एकदां पाहावें. आणि अजान होतांच माग सोडून नमाजास जाणारे लोकही आम्ही येथें पाहिले आहेत. तेवढ्या वेळाची मजुरी त्यांस कोणी भरून देत नाहीं.

यावरून त्या कष्टांचें स्तोत्र गाण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. बारा तासांची पाळी ही तपश्चर्या नव्हे, तो अन्याय आहे. त्या कामगारानें ‘सवड नाहीं’ म्हटलें तर ती सबब नव्हे, फिर्याद आहे. ही त्याची फिर्याद उसनी घेऊन पंख्याखालीं बसून आळवण्याचा अधिकार आम्हां पगारदारांस कोणीं दिला?

आमचा वेळ जातो कोठें, तेंही येथूनच दिसतें. महामार्गालगत पसरलेल्या भिवंडीच्या गोदामांत मालाचे ढीग रचलेले असतात. रात्रीं अंथरुणावर पडून आपण मोबाइलवर जी वस्तु मागवितों, ती पुष्कळदां येथूनच निघते. दहा प्रकार पाहून अकरावा निवडण्यांत जो तास गेला, तो संसाराच्या व्यापांत धरावयाचा काय? कशास अग्रस्थान आहे, हें सांगण्यावरून ठरत नाहीं; कोणतें काम कोणत्या कामास थांबवूं शकतें, यावरून ठरतें. घंटी वाजली कीं आपण पोथी मिटतों. पोथीसाठीं मोबाइल मिटल्याचें उदाहरण आमच्या परिचयांत तरी फार थोडें.

काम आणि चिंतन यांचा विरोध आमच्या संतांनीं मानलाच नव्हता. 1604 सालीं संकलित झालेल्या आदिग्रंथांत कबीराच्या श्लोकांत नामदेव आणि त्रिलोचन यांचा संवाद आहे. त्रिलोचन नामदेवास दोष देतो कीं, कापडावर छाप मारीत काय बसलास, रामाकडे चित्त कां देत नाहींस? नामदेवाच्या उत्तराचा आशय असा कीं, हातांनीं काम चालूं द्यावें, चित्त मात्र त्याच्यापाशीं असावें. आमच्या शिंप्याची ही गोष्ट सांगणारा कोण, तर काशीचा एक विणकर! उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या विणकरांनीं जें गांव भरलें, तेथें तरी ती विसरतां येऊं नये.

कोणी म्हणेल, खुद्द टिळकांस ‘गीतारहस्य’ लिहिण्यास मंडालेचा तुरुंग लागला. खरें आहे, ग्रंथ लिहिण्यास सवड लागते. परंतु 1910-11 च्या हिवाळ्यांत त्या सक्तीच्या एकांतांत त्यांनीं सिद्ध काय केलें? ज्ञान झाल्यावरही कर्म सोडावयाचें नाहीं, हेंच ना!

एका वर्गाची तक्रार मात्र आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि तो वर्ग दूर नाहीं. आपल्याच स्वयंपाकघरांत आहे. यजमानांची पूजा निर्वेध व्हावी म्हणून जी पहांटे उठते, फुलें, नैवेद्य, मुलांचे डबे सारें वेळेवर करते, तिच्या चिंतनाची वेळ कोणती, हें त्या पूजेंत बसलेल्यानें कधीं विचारलें आहे काय? शांतीसाठीं रविवारीं गणेशपुरीस निघालेल्या मंडळींचा फराळही शनिवारीं रात्रीं जागून तीच बांधते. जनाबाईबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळूं लागला, ही कथा कीर्तनांत ऐकतांना आमचे डोळे भरून येतात. कीर्तन आटोपून घरीं आल्यावर आपलें ताट आपण उचलणारे आमच्यांत किती निघतील?