तापाचे पहिले दोन दिवस

सर्दी व फ्ल्यूची साथ सुरू झाली की आरोग्य खात्याची पत्रके निघतात. साबणाने हात धुवा, शिंकताना नाकातोंडावर रुमाल धरा, गर्दी टाळा, ताप असल्यास घरी राहा. हा सल्ला शास्त्राला धरून आहे आणि कामगार चळवळीने त्याची टवाळी करण्याचे काहीच कारण नाही. फ्ल्यूच्या विषाणूभोवती स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते. साबणाने ते फुटते व विषाणू निकामी होतो. गुळगुळीत धातूवर किंवा प्लॅस्टिकवर तो एक-दोन दिवस तग धरू शकतो. म्हणजे एका पाळीतील आजारी कामगाराने हाताळलेली मूठ पुढच्या पाळीतील निरोगी कामगाराला रोग देऊ शकते. प्रतिजैविकांचा या विषाणूंवर काडीइतका परिणाम होत नाही. तरीही त्या गोळ्या सर्रास दिल्या जातात आणि त्यांचे पैसे रोग्याच्याच खिशातून जातात.

हा थंडीतला रोग आहे ही समजूतही सबंध देशाला लागू नाही. श्रीनगरमध्ये त्याचा जोर जानेवारी ते मार्च असा असतो, तर दिल्ली, पुणे, कोलकाता येथे मुख्यतः पावसाळ्यात आणि चेन्नईत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. स्वाइन फ्ल्यूने देशातील पहिला बळी घेतला तो पुण्यात, २००९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात.

सल्ला सर्वांना एकच दिला जातो, परंतु तो पाळण्याची ऐपत सर्वांना सारखी नसते. याचा सर्वांत भीषण पुरावा मुंबईच्याच इतिहासात आहे. महाराष्ट्रात जुन्या लोकांनी ‘मानमोडी’ म्हणून जिची आठवण ठेवली, ती साथ जून १९१८ मध्ये मुंबईत शिरली. सप्टेंबरमध्ये ती अधिक घातक होऊन उलटली आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ माणसे दगावली. अस्पृश्य व ‘हलक्या’ गणल्या गेलेल्या जातींत मृत्यूचे प्रमाण हजारी ६१ च्या वर गेले. युरोपियनांत ते हजारी ८ च्या आसपास राहिले. शहर तेच होते, विषाणूही तोच होता. एकीकडे हवेशीर बंगले, पुरेसे अन्न आणि शुश्रूषेला माणसे होती; दुसरीकडे एका खोलीत कोंबलेली कुटुंबे, त्यात दुष्काळ व महागाई. देशभरातील बळींचा आकडा सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत, काहींच्या मते त्याहूनही अधिक, सांगितला जातो.

आज परिस्थिती बदलली आहे, लसही उपलब्ध आहे. पण ‘घरी राहा’ या दोन शब्दांचा अर्थ अजून वर्गागणिक बदलतो. फ्ल्यूचा रोगी लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच रोग पसरवू लागतो आणि आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत तो सर्वाधिक पसरवतो. आता १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा पाहावा. त्याने संघटित कामगाराला आजारभत्त्याचा हक्क दिला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आजाराचे पहिले दोन दिवस सर्वसाधारणपणे भत्त्याबाहेर ठेवले. ज्या दिवसांत कामगाराने घरी थांबणे साऱ्या खात्याच्या हिताचे, नेमके त्याच दिवसांचा त्याला मोबदला नाही! शिवाय दाखल्यासाठी तापाने फणफणलेल्या माणसाने दवाखान्याच्या गर्दीत ताटकळायचे, हे निराळेच.

आणि हाही हक्क थोड्यांचाच. देशातील जवळजवळ नव्वद टक्के श्रमिक असंघटित आहेत. भिवंडी-सुरतचा यंत्रमाग कामगार मीटरवर मजुरी घेतो, सोलापूरची विडी कामगार स्त्री हजार विड्यांवर. एका दिवसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. असा माणूस ताप अंगावर काढतो, याला अज्ञान म्हणणे हा निव्वळ उद्दामपणा आहे. मालकाला तरी यात काय लाभते? एकाची दोन दिवसांची मजुरी वाचते आणि आठवड्याभरात अर्धे खाते खोकू लागते.

तेव्हा युनियनच्या मागणीपत्रकांत बोनस व महागाई भत्त्याच्या जोडीला काही साध्या मागण्या आल्या पाहिजेत. प्रत्येक खात्यात साबण आणि वाहते पाणी, उघडणाऱ्या खिडक्या, साथीच्या हंगामापूर्वी त्या त्या प्रदेशाच्या वेळापत्रकानुसार मोफत लस, आणि तापाच्या पहिल्या दिवसापासून, दाखल्याची अट न घालता, भरपगारी रजा. उक्त्या कामावरील मजुरांसाठी ही रक्कम कोणी व कशी द्यावी, हा कठीण भाग आहे. विडी कामगारांसाठी उपकरातून कल्याण निधी उभा करण्याचा कायदा संसदेने १९७६ साली केला होता; बोलणी तेथून सुरू करता येतील.